लाल मुठीची दांडी

पन्नाशी ओलांडल्यावर पुष्पांजलीला दोन दारांची गाडी घ्यायची हुक्की आली, आणि मेहकरात ही बातमी तिच्याच दवाखान्यातल्या नर्सनं फोडली. तपासणीला आलेल्या बायका पोटावर हात ठेवून एकमेकींना सांगू लागल्या, की डॉक्टरीणबाई आता जमिनीला पोट घासत जाणारी गाडी आणणार आहेत म्हणे, तीही जुनी. नवी का नाही, यावर मतं पडली. रंग कोणता, यावरही पडली.

 पुष्पांजलीचं अर्धं आयुष्य तालुक्यातली बाळंतपणं करण्यात गेलं होतं. चारी चाकांना ताकद पोचवणारी एक उंच, जाडजूड, धूड गाडी घेऊन ती शेतरस्त्यांनी आणि नाल्यांतून गावोगाव फिरली होती. आता मुलगी गार्गी पुण्यात नोकरीला लागली होती, दवाखान्यात दोन तरुण डॉक्टर आले होते, आणि एके दिवशी समृद्धी महामार्गावर एक ठेंगणी गाडी तिच्या धुडाला ओलांडून अशी काही गेली, की हिच्या जिवाला चुटपुट लागून राहिली. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "मला एक गाडी घ्यायची आहे. तुझ्या काही कामाची नाही."

शेखर, तिचा नवरा, कॉलेजात इतिहास शिकवायचा. गाडीतलं त्याला एवढंच कळायचं, की कमरेमागं उशी हवी. पण बायकोनं इतक्या वर्षांत स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं त्याला आठवेना, त्यामुळे तो उशी काखेत मारून संभाजीनगरला निघाला.

तिथं सहदेव नावाच्या गृहस्थाचं जुन्या, उंची गाड्यांचं दुकान होतं. माणूस गोलमटोल, बोलका, आणि गाड्यांबद्दल असा बोलणारा, की जणू मुलींची स्थळं सुचवतोय. त्यानं दोन गाड्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. दोन्ही जर्मन, दोन्ही जवळपास एका वयाच्या. एक लाल, एक राखाडी.

"मॅडम, दिसायला बहिणी आहेत, पण स्वभाव वेगळा," सहदेव म्हणाला. "ही लाल फक्त मागच्या चाकांवर चालते. इंजिन पुढं असलं तरी ढकलणार मागून. पुढची चाकं वळायला मोकळी. मजा हिच्यात आहे, पण ओल्या रस्त्यावर पाय जड पडला तर शेपूट हलवते. ही राखाडी चारी चाकांनी धरते. पाऊस असो, खडी असो, तुम्ही चुकलात तरी ती सांभाळून घेते."

"म्हणजे राखाडी," शेखर म्हणाला. त्याच्या लेखी निकाल लागलेला होता.

पण पुष्पांजलीनं दोन्ही चालवल्या. दौलताबादच्या वळणांवर राखाडी गाडी रुळांवरून चालावी तशी गेली. वळण आलं, घेतलं, संपलं. शेजारच्या आसनात गुडघे हनुवटीला लावून बसलेला शेखर निर्धास्त होता. मग लाल. हिनं वेग घेतला तेव्हा पुष्पांजलीला वाटलं, कुणीतरी पाठीवर मायेचा हात ठेवून पुढं ढकलतंय. एका वळणावर थोडी वाळू पडलेली होती. गाडीचं मागचं अंग तिथं जरासं सरकलं, तिनं चाक हलकेच उलट फिरवलं, आणि गाडी मुकाट्यानं सरळ झाली. पुष्पांजली मोठ्यानं हसली. शेखरनं डोळे मिटून घेतले होते.

दुकानात परतल्यावर सहदेवनं चहा सांगितला आणि खुशीत विचारलं, "मग लाल ना?"

"राखाडी," पुष्पांजली म्हणाली.

सहदेवचा कप ओठाशी थांबला. "मॅडम, लाल चालवताना तुम्ही हसत होतात. मागं मी दुसऱ्या गाडीत होतो, तुमच्या आरशात मला दिसत होतं."

"हसायला काय जातंय. चढावर, चिखलात चारी चाकांनी ओढलेलंच बरं. हे मी लहानपणीच शिकले आहे. तरी पुढच्या आठवड्यात पक्कं सांगते."

शेखरला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण परतीच्या वाटेवर त्यानं दोनदा बायकोकडं पाहिलं, आणि त्याला ते हसणं आठवत राहिलं.

लहानपणीच शिकले म्हणजे काय, ते शेखरला माहीत होतं. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पुष्पांजलीच्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली एक लाल मूठ होती. बोरापेक्षा मोठी, लिंबापेक्षा लहान, घासून घासून रंग विटलेला. कुणी विचारलं, की ती कामं बाजूला ठेवून तिची गोष्ट सांगायची.

जानेफळात तिच्या वडिलांची, निवृत्तींची, एक जीप होती. लष्करानं लिलावात काढलेली. लोक तिला डिस्पोजलची जीप म्हणत. रंग उडालेला, वर कापडी टप, मागं समोरासमोर दोन बाकं, आणि त्या बाकांवर मावेल तेवढं गाव. निवृत्ती शेतकरीच, पण बाजाराच्या दिवशी मेहकरला जाताना ते कुणाला नाही म्हणत नसत. चालकाच्या शेजारची जागा मात्र ठरलेली होती. तिथं पुष्पी बसायची. गावातले भलेभले मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसत आणि ही परकरातली पोर पुढं ऐटीत.

कारण तिला काम होतं. गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोट्या दांड्या होत्या. एक गंजून कायमची बसलेली. दुसरीला ही लाल मूठ. "हे दांडी ओढली का पुढची चाकंई ओढायले लागतात," निवृत्ती सांगायचे. "मंग जीप भित्तीवर चढन. पण ओढाव लागते बरोबर टायमावर. माहे हात तं गुतेल राह्यतात. मंग कोनं ओढाव?"

"म्यानं," पुष्पी म्हणायची.

गावाबाहेर नाला होता आणि नाल्यापलीकडं चढ. उन्हाळ्यात तो चढ म्हणजे काहीच नाही. पण श्रावणात झड लागली, दिवसामागून दिवस बारीक पाऊस धरून राहिला, की त्या काळ्या मातीचं लोणी व्हायचं. बैलगाड्या आसापर्यंत रुतायच्या. सायकली लोक खांद्यावर घ्यायचे. निवृत्तींची जीप मात्र चढायची. चढाच्या तोंडाशी आल्यावर ते म्हणायचे, "पुष्पे, धर." ती दोन्ही हातांनी मूठ पकडायची. जीप उसळायची, घसरायची, एका अंगाला जायची, आणि नेमक्या त्या क्षणी ते म्हणायचे, "ओढ." ती दात-ओठ खाऊन ओढायची. दांडी कट्‌ करून मागं यायची. जीप कण्हत-कुंथत वर चढून सपाटीला लागायची. मग निवृत्ती मान मागं वळवून सगळ्यांना सांगायचे, "चढवली बरं पोरीनं." आणि मागचं सगळं गाव माना डोलवत एका सुरात होकार द्यायचं, "हाव."

त्या "हाव"वर पुष्पी आठवडा काढायची.

आणि मग गोकुळाष्टमीच्या सुमाराची ती सकाळ. ती नऊ वर्षांची होती. आई, झुंबरबाई, दिवस भरून अडली होती. गावच्या दाईनं हात टेकले. जीपच्या मागच्या भागात वाकळ अंथरून तिला आडवी घातली, चार बाया-माणसं सोबत चढली, आणि निवृत्तींनी झडीत जीप काढली. चढावर जीप पहिल्यांदाच अर्ध्यातून खाली घसरली. मागून आईचं कण्हणं येत होतं. निवृत्तींच्या कपाळावरून पाणी गळत होतं. पावसाचं का घामाचं, कळत नव्हतं. त्यांनी जीप पार नाल्यापर्यंत मागं घेतली. "पुष्पे, धर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मग म्हणाले, "ओढ." तिनं अशी ओढली, की तळहाताची साल निघाली. जीप चढली. मेहकरच्या दवाखान्यात गोकुळ जन्मला, गळ्याभोवती नाळ घेऊन, निळा पडलेला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर दोघंही गेले असते.

त्याच दिवशी पुष्पीनं ठरवलं, की आपण डॉक्टर व्हायचं. एकदा आईला आणि भावाला वाचवलंय, तर पुढंही जमेल. परीक्षेत पेपर कोरा दिसला, वसतिगृहात एकटं वाटलं, पहिल्यांदा एकटीनं शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तेव्हा तेव्हा तिनं मनातल्या मनात ती मूठ दोन्ही हातांनी धरली. पुढं जीप भंगारात गेली तेव्हा निवृत्तींनी मूठ तेवढी फिरवून काढून घेतली आणि दवाखान्याच्या उद्‌घाटनाला लेकीच्या हातात ठेवली. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

अशा बाईला मागच्या चाकांची गाडी कशी रुचावी? राखाडी घ्यायची, एवढं ठरलंच होतं. फक्त माय काय म्हणते ते ऐकावं, म्हणून रविवारी ती जानेफळला गेली. मूठही सोबत घेतली. नव्या गाडीत ती कुठं तरी चिकटवावी, असा तिचा बेत होता.

झुंबरबाई गोठ्याच्या दारात बाजेवर बसली होती. अंगानं सुकलेली, पण जीभ जशीच्या तशी. गोकुळ शेतात गेला होता. गोठ्यात म्हैस होती आणि तिची वगार सुटून कडब्यात तोंड घालून उभी होती.

"आली का? बरं झालं," झुंबरबाई म्हणाली. "थे वगार बांध पह्यले. सकायपासून नाचून राह्यली."

डॉक्टरीणबाईंनी पदर खोचला, वगारीचं दावं धरलं आणि तिला गोठ्याच्या मधोमध असलेल्या खुंट्याशी नेलं. हा खुंटा तिच्या लहानपणापासूनचा. लोखंडी नळी जमिनीत खोल ठोकलेली आणि वरच्या टोकाला सगळीकडं वळणारा जाडजूड लोखंडी सांधा. जनावर कितीही फिरलं तरी दावं गुरफटत नसे. गावात दुसऱ्या कुणाकडं असा खुंटा नव्हता, आणि लहानपणी पुष्पीला त्याचाही अभिमान होता.

दावं बांधता बांधता तिनं दोन गाड्यांची हकिगत सांगितली. लाल कशी पळते, राखाडी कशी धरून चालते. "म्हनून म्या राखाडी घ्याचं ठरवलं, माय. बाबाची जीप नाई का, चारी चाकायनं ओढे म्हनून तं त्या दिवशी चढली."

"कोनती जीप?" झुंबरबाईनं विचारलं.

"अवो, आपली. डिस्पोजलची."

"थे कुठं चारी चाकायनं ओढे?"

पुष्पांजली हसली. "मी दांडी ओढो ना. पुढची चाकं—"

"पुढच्या चाकाईचा शाफ्ट तं तुह्या बापानं जीप आनली त्याच म्हैन्यात काढून टाकला," झुंबरबाई म्हणाली. "थो फिरला का तेल लय खाये जीप. सगळेच काढत तवा. भंगारात काऊन द्याचा म्हनून गोठ्यात ठोकला. थो काय, तू त्यालेच दावं बांधून राह्यली."

पुष्पांजलीनं हातातल्या दाव्याकडं पाहिलं. मग खुंट्याकडं पाहिलं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत न्यायची ती नळी, वरचा तो वळणारा सांधा. इतकी वर्षं गाड्या वापरलेल्या बाईला ते ओळखायला क्षणही लागायला नको होता, आणि जन्मभर ती त्याच्याशी म्हशी बांधत आली होती.

वगारीनं दाव्याला हिसका दिला. वरचा सांधा गर्रकन फिरला.

"मंग मी ओढो थे दांडी?" तिचा आवाज लहान झाला होता.

"थे कशालेच जोडेल नव्हती."

पुष्पांजली बाजेच्या कडेला येऊन बसली. तिला राग आला, आणि कुणावर यावा तेही कळेना. नऊ वर्षांच्या पोरीनं साल निघेपर्यंत ओढलेली दांडी हवेत हलत होती, आणि त्या दांडीवर तिनं आपलं सगळं आयुष्य उभं केलं होतं. तिला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं. पर्समधली मूठ तिला बाहेर काढवेना.

"कोनाकोनाले माहीत व्हतं हे?" तिनं विचारलं.

"समद्यायले. मांगं बसनाऱ्या समद्यायले. नाई तं मांगं काऊन बसवे थो लोकायले? मांगच्या चाकायवर वजन पाह्यजे ना. चढ आला का थो इशारा करे, आन् आमी समदे सरकून सरकून पार मांगच्या फळीले चिकटो. हवा बी थोडी काढून ठेवे मांगच्या चाकाईची. आन् मंग कडंच्या मुरमावरून बरोबर काढे. लय अक्कल व्हती त्याच्या हातात."

"अन् त्या दिवशी?"

"त्या दिवशी मीच व्हती मांगं आडवी. माहं वजन, गोकुळ्याचं वजन. चारी माणसं टपाले लटकेल." झुंबरबाई तोंडाला पदर लावून हसली. "आमच्या वजनानं चढली, बाई. आमालेच घेऊन."

पुष्पांजलीला हसू आलं नाही. "मंग मले काऊन ओढाले लावे? एवढं खोटं?"

 झुंबरबाईनं लेकीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तळवा उलटा करून पाहिला, जणू ती साल अजून तिथं असावी.

"तू लय भित व्हती पुष्पे. तुले आठोत नाई. पह्यल्या झडीत जीप घसरली, तं तू किंचाळून बापाच्या हाताले लटकली. जीप नाल्यात जात जात राह्यली. तुले घरी ठेवाव, तं घरी रडे. मंग थो म्हने, इचे दोन्ही हात कामाले लावले पाह्यजे. म्हनून थे दांडी देल्ली तुह्या हातात. थे हातात आली आन् तुहं भेव गेलं. पार गेलं. आमाले बी तुले पाहून धीर ये. त्या दिवशी मी मांगं मरून राह्यली व्हती, आन् मले काय दिसे, तं तुही पाठ. ताठ. म्या म्हटलं, एवढुशी पोर भेत नाई, तं म्या काऊन भ्याव."

म्हैस शांतपणे रवंथ करत होती. पुष्पांजलीनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि बाबा गेल्यानंतर रडली नव्हती तेवढी रडली. झुंबरबाईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "उठ आता. चहा ठेव. गोकुळ्या येईन."

ती मेहकरला परतली, पण त्या आठवड्यात तिचं मन कशात लागेना. मूठ पुन्हा टेबलावर आली. कुणी गोष्ट विचारली तर ती म्हणायची, नंतर सांगते.

गुरुवारी दवाखान्यात धामणगाव बढ्याची एक मुलगी अडली होती. सून आत, आणि तिची सासू सुवर्णाबाई बाहेर कॉरिडॉरमध्ये छाती बडवत होती. तो आवाज आत जात होता आणि आतली मुलगी जास्तच घाबरत होती. पुष्पांजली हातमोजे घालत बाहेर आली आणि तिनं नेहमी करायची तेच केलं. कपाटातून बाळाचं टोपरं काढलं आणि सासूच्या दोन्ही हातांच्या ओंजळीत ठेवलं.

"हे असं घट्ट धरून बसा. हाताची ऊब लागू द्या. बाळ आलं की लगेच लागतं, गार असून चालत नाही. हे काम घरच्या माणसाचंच."

सुवर्णाबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्या बाकावर ताठ बसल्या आणि दोन्ही हातांनी टोपरं धरून दाराकडं बघू लागल्या.

पुष्पांजली दारातच थबकली. टोपरं गरम करायला आत यंत्र होतं. ते पहिल्यापासून होतं. ही युक्ती तिला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती, कुणी शिकवली नव्हती. ती आपली स्वतःची आहे, असंच ती आजवर समजत होती. किती सासवांच्या, किती आयांच्या, किती घाबरलेल्या नवऱ्यांच्या हातात तिनं ते टोपरं दिलं होतं. आणि बाळ रडलं, की ती बाहेर येऊन त्यांना म्हणायची, "तुमच्यामुळं सोपं गेलं."

तिला हे खोटं वाटलं होतं का कधी? कधीच नाही. तिच्या छातीतला चार दिवसांचा दगड तिथंच, त्या दारात, हलका झाला. बाबा, तुम्हीसुद्धा ना, असं ती मनात म्हणाली आणि आत गेली. मुलगी झाली. सुवर्णाबाईंनी टोपरं दिलं तेव्हा ते घामानं ओलं झालं होतं. नर्सनं ते हळूच बदललं.

दुपारी पुष्पांजलीनं सहदेवला फोन केला. "लाल ठेवा माझ्यासाठी."

"मला माहीत होतं, मॅडम. पण तुम्ही तर चढ, चिखल म्हणत होतात."

"चुकीचं शिकले होते. जीप मागच्याच चाकांवर चढली होती."

सहदेवला त्यातलं काही कळलं नाही, पण विकणाऱ्याला सगळं कळायची गरजही नसते. शेखरला मात्र तिनं सगळं सांगितलं, खुंट्यापासून टोपऱ्यापर्यंत. त्यानं फक्त एक अडचण काढली. "पावसात शेपूट हलवते म्हणाला ना तो? मग डिक्कीत सरकीचं एखादं पोतं ठेवू या. नाहीतर मला ठेव."

लाल गाडी आली तेव्हा श्रावण लागला होता आणि झड धरली होती. मेहकरानं गाडी पाहून घेतली. तिला मागं बसायला जागाच नाही, याचं अनेकांना वाईट वाटलं. शेखर एकदा बसून उतरला आणि त्यानं उशीसकट आपला राजीनामा दिला. पुढच्या रविवारी पुष्पांजली एकटीच जानेफळला गेली, आईला फिरवायला.

झुंबरबाईला त्या गाडीत बसवणं म्हणजे विहिरीत पोहरा सोडण्यासारखं होतं. गोकुळनं आणि पुष्पांजलीनं मिळून तिला खाली, खाली, आणखी खाली उतरवलं. "जमिनीतच बसवलं का मले," ती म्हणाली. पण गाडी गावाबाहेर निघाली आणि म्हातारी बाहेर बघत राहिली. काचेवरून पाणी ओघळत होतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवंगार माजलं होतं.

नाल्यावर आता पूल होता आणि चढावर डांबर. पण शेतांतून आलेल्या ट्रॅक्टरांनी चाकांना लागलेली काळी माती चढभर पसरून ठेवली होती, आणि झडीनं तिचं पुन्हा तेच लोणी केलं होतं. पुष्पांजलीनं वेग कमी केला. मागचं अंग किंचित सरकलं. झुंबरबाईचा एक हात दाराकडं गेला आणि दुसरा लेकीच्या दंडाकडं निघाला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवसानंतर हा चढ ती झडीत कधीच चढली नव्हती. आज गाडीत मागं वजन नव्हतं, धरायला माणसं नव्हती, आणि निवृत्ती नव्हते.

पुष्पांजलीनं गाडी चढाच्या तोंडाशी थांबवली. पर्समधून लाल मूठ काढली आणि आईच्या ओंजळीत ठेवली.

"माय, धर."

झुंबरबाईनं मुठीकडं पाहिलं. ती कशालाच जोडलेली नव्हती, आणि हे त्या बाईइतकं आता जगात कुणालाच माहीत नव्हतं. तिनं मान वर करून लेकीकडं पाहिलं. पुष्पांजली समोर, चढाकडं बघत होती. मग म्हातारीनं पाय टेकून घेतले, पाठ ताठ केली आणि मूठ दोन्ही हातांनी पकडली.

गाडी निघाली. कडेच्या मुरमावर एक चाक ठेवून पुष्पांजलीनं ती हळूहळू वर काढली. मध्यावर मागचं अंग घसरलं, एका बाजूला गेलं.

"ओढ," ती म्हणाली.

झुंबरबाईनं दात-ओठ खाऊन मूठ छातीशी ओढली. पुष्पांजलीनं चाक उलट फिरवलं, पाय हलका केला, आणि पाठीवर तो हात आल्यासारखी गाडी पुढं सरकली. लाल गाडी कण्हली नाही, कुंथली नाही, नुसती चढत गेली आणि सपाटीला लागली.

पुष्पांजलीनं मान मागं वळवली. मागं बाक नव्हतं, गाव नव्हतं, हाताच्या अंतरावर काच होती आणि काचेवर पाऊस. तरी ती तिकडं तोंड करून बोलली.

"चढवली बरं मायनं."

झुंबरबाईनं मूठ सोडली नव्हती.

"हाव," ती म्हणाली.